गाव बिनविरोध झालं की लोकशाही टळली?

कोयनाकाठ

मंडळी, गावाकडे ग्रामपंचायत लागली आहे. सात सदस्य आणि थेट सरपंच. छाननी उरकली, आता माघारीपर्यंतचे दिवस चालू आहेत, म्हणजे गावात रात्री लवकर कुणी झोपत नाही. मी पुण्यात असलो तरी मतदार यादीत नाव गावातच आहे, त्यामुळे भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून सगळं कळत असतं.

गेल्या आठवड्यात मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि ‘या वेळी गाव बिनविरोध करायचं’ असं ठरलं. कुठल्या भावकीला किती जागा, सरपंचपद कुणाच्या घरात, उपसरपंच अडीच-अडीच वर्षं कोण, सगळं. फेटे बांधून फोटो काढायचा तेवढा राहिला होता. अडचण एकच. तीन नंबर वॉर्डातल्या महिला राखीव जागेवर वस्तीवरच्या एका बाईंनी अर्ज भरलाय आणि त्या तो मागे घेत नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. नळाची लाइन वस्तीच्या अलीकडे येऊन थांबली त्याला दोन टर्म झाल्या. देवळातल्या बैठकीला आम्हाला कुणी बोलावलंच नाही, मग आमचं कुणी ठरवलं?

ग्रुपवर त्यांच्याबद्दल जे चाललंय त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य ‘एका बाईपायी गावाची एकी मोडायची का’ हे आहे. मी एवढंच विचारलं, की देवळात जमलेली पन्नास-साठ माणसं म्हणजे गाव का? आणि अर्ज भरणं हा गुन्हा कधीपासून झाला? त्यावर उत्तर आलं, ‘तू पुण्यात बसून लोकशाही शिकवू नको. ही पण लोकशाहीच आहे. सगळ्यांच्या मताने ठरलंय.’

सगळ्यांच्या मताने, पण मत न घेता. मला हे कोडं सुटत नाहीये. इथे गावगाडा जवळून पाहिलेले बरेच जण आहेत, काय वाटतं तुम्हाला?

वाड्यावरचा

कोयनाकाठ, राग मानू नका, पण पुण्यातून हे सोपं दिसतं.

लोकसभेला एका मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतं असतात, तिथे कुणी कुणाला मत दिलं ते कुणाला कळत नाही. आमच्या वॉर्डात दोन-अडीचशे मतं. हार-जीत पाच-सात मतांची. निकालाच्या रात्रीच लोक बोटं मोजून सांगतात की अमक्याच्या घरातली चार फुटली. दुसऱ्या दिवसापासून शेताचा रस्ता अडतो, सामाईक विहिरीवरची पाळी अडते. लग्नाची पत्रिका येत नाही. आमच्याकडे चुलतभावांनी एकमेकांच्या मयताला जाणं सोडलं होतं. आणि खर्च? ढाब्यावरची जेवणं, पाकिटं, बाहेरगावच्या मतदारांना आणायच्या गाड्या. रान गहाण टाकून निवडून आलेला माणूस पहिल्या वर्षी गटाराच्या कामात काय करणार हे सांगायला नको.

हे सगळं चार शहाणी माणसं बसून टाळत असतील तर त्यात पाप काय? सरकारनेच २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली होती ना? गुजरातेत बिनविरोध पंचायतीला ‘समरस’ म्हणून सरकारी अनुदान मिळतं. आपल्याकडेही काही आमदार बिनविरोध गावाला निधी जाहीर करतात. हिवरे बाजारात १९८९ ला गावाने एकत्र बसून पोपटराव पवारांना सरपंच केलं, पुढे ते दुष्काळी गाव कसं पालटलं ते सगळ्या देशाने पाहिलं. तिथे कुणी बॅलट पेपर मागत बसलं असतं तर?

निवांत

वाड्यावरचा यांच्याशी +१. निवडणुकीनंतरची पाच वर्षं गावात राहून काढावी लागतात.

चहाबाज

अवांतर: आमच्या सोसायटीची कमिटी कायम बिनविरोध येते, कारण ती कुणालाच नको असते. सचिव निवडायची वेळ आली की अर्ध्या लोकांना अचानक महत्त्वाचे फोन येतात. आमच्याकडे समरसता ओसंडून वाहते, अनुदान कुठे मागायचं?

वकीलीण

चहाबाज, तुमच्याकडे जागेत कुणाला रस नाही, इथे रस असलेल्या माणसाला थांबवलं जातंय. म्हणून तुमची समरसता अपात्र. :)

आता मुद्द्याचं. कायद्यात ‘बिनविरोध गाव’ अशी गोष्टच नाही. बिनविरोध होते ती जागा. माघारीची वेळ संपल्यावर जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार उरले, की निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना निवडून आल्याचं जाहीर करतात. त्यामुळे कोयनाकाठ, तुमच्या गावात सहा जागा आणि सरपंचपद बिनविरोध होऊन फक्त एका जागेसाठी मतदान होऊ शकतं. बाकीच्यांचं ठरलेलं काही मोडत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. निवडणुकीतला हक्क म्हणजे फक्त मत देण्याचा हक्क नव्हे. उभं राहणं, न राहणं, अर्ज मागे घेणं, मत देणं किंवा न देणं हे सगळं त्या व्याख्येत येतं. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम १६९ ते १७१ मध्ये आहे. पैसे घेऊन माघार ही लाच. धमकी देऊन घ्यायला लावलेली माघार हा गैर प्रभाव. आणि देवळात बैठका घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं: ‘असं केलंस तर देवाचा कोप होईल’ असं उमेदवाराच्या मनात भरवणं हेसुद्धा त्याच कलमात बसतं. वाळीत टाकायची भाषा झाली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा वेगळा आहेच.

‘चार शहाणी माणसं’ हा प्रकार पुढे कुठे जातो तेही पाहा. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचे चक्क लिलाव झाले. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली. राज्य निवडणूक आयोगाने चौकशी करून दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली.

वाड्यावरचा

लिलाव आणि समजूत एकाच पारड्यात घालू नका, ताई. लिलावाचं समर्थन मी केलेलंच नाही.

वकीलीण

नाही घालत. पण फरक ओळखायचा कसा ते सांगा. बोली लावणारेही म्हणतच होते की पैसा देवळाला जातोय, कुणाच्या खिशात नाही, आणि सगळं गाव राजी आहे.

संपादक मंडळ

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, तशीच चर्चाही पक्षांशिवाय होऊ द्या. पक्षांची आणि नेत्यांची उणीदुणी काढणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

धानोराकर

मी गडचिरोलीत नोकरी केली आहे, त्यामुळे इथे थोडं लांब लिहितो.

वाड्यावरचा म्हणतात तशी समजुतीने चालणारी जागा मी पाहिली आहे, धानोरा तालुक्यातलं मेंढा. लेखा ग्रामपंचायतीतलं गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा बऱ्याच जणांनी ऐकली असेल. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. तिथे ग्रामसभेत मतदान होत नाही. बहुमतानेही ठरत नाही. निर्णय सर्वसहमतीने.

वरवर पाहिलं तर हेही बिनविरोधच. पण रीत नेमकी उलटी आहे. मेंढ्यात एक जरी माणूस ‘मला पटलं नाही’ म्हणाला तर विषय पुढे ढकलतात. त्याला समजावतात, किंवा त्याचं ऐकून ठराव बदलतात. दारूबंदीसारखे विषय असेच बराच काळ चघळले गेले, कारण काहींना पटत नव्हतं आणि त्यांना डावलून ठरवायचं नाही हा नियम. शिवाय निर्णयाची सभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, कायदा वाचला जातो, वाद होतात, तिथे ठराव करायचा नसतो. सभेत बायका येतात आणि बोलतात.

यातून काय उभं राहिलं? वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर वनखातं अडून बसलं होतं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली जमीनधारकांनी जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. शेतजमीन! बांधावरून कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं तर खोटं वाटेल.

तर मुद्दा असा की सहमतीत ‘नाही’ म्हणणाऱ्याचं वजन सगळ्यात जास्त असतं, आणि कोयनाकाठ यांच्या देवळातल्या बैठकीत ते शून्य आहे. त्या बाईंना मेंढ्याच्या सभेत बसवलं असतं तर सभा तिथेच थांबली असती आणि आधी नळाची लाइन निघाली असती.

वाड्यावरचा

मेंढा सगळे सांगतात. शंभराच्या आसपास घरं, एकच समाज. आमच्या गावात आठ भावक्या, चार समाज, दोन वाड्या. तिथे एकेकाची समजूत काढत बसलो तर पुढची निवडणूक येईल.

धानोराकर

हे मान्य. मेंढ्याची नक्कल कुठेही उतरत नाही, गडचिरोलीतल्याच सगळ्या गावांना जमलेली नाही. पण मग उलटा निष्कर्ष निघतो ना? जिथे आठ भावक्या आणि चार समाज आहेत, तिथे एकाच बैठकीत ‘सगळ्यांचं एकमत’ झालं तर मला आनंद होण्याआधी शंका येईल.

भीमाकाठ

धागा वाचत होतो, राहवलं नाही.

डॉ. आंबेडकरांचं २२ डिसेंबर १९५२ चं पुण्यातलं भाषण मिळवून वाचा, वकिलांपुढे झालेलं. लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागतं यावर ते बोलले होते. समाजात ढळढळीत विषमता नको ही पहिली अट. दुसरी अट कोणती? विरोधी पक्ष. सत्तेवर असलेल्याला ‘का?’ विचारणारं कुणीतरी रोज समोर बसलेलं पाहिजे. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो हे त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. विरोध हा तिथे उपद्रव नसून कारभाराचा भाग आहे. आणि आपण विरोध नसलेल्या गावाला बक्षीस देतो!

दुसरं म्हणजे ‘गाव’ हा शब्द ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनी संविधान सभेतलं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण वाचावं. गावाला घटनेचा पाया करा अशी मागणी होती, त्यावर बाबासाहेबांनी गावाला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं म्हटलं आणि घटक म्हणून व्यक्ती धरली. त्या काळी बऱ्याच सभासदांना ते झोंबलं. पण पारावर कोण बसायचं आणि पाराखाली कोण उभं राहायचं हे ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या माहीत आहे त्यांना त्यात कडवट काही वाटत नाही. मतपेटीपुढे वाड्यावरच्याचं एक मत आणि वस्तीवरच्या बाईचं एक मत. (हे तुम्हाला उद्देशून नाही, आयडी तसा आहे त्याला मी काय करू.) बैठकीत मात्र तसं नसतं. तिथे ज्याच्या रानात वस्तीची माणसं मजुरीला जातात तो समोर बसलेला असतो.

वाड्यावरचा

भीमाकाठ, वाडा कधीच पडला, आता तिथे पोल्ट्री आहे. :) पण मजुरीचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी खर्च आणि भांडणं यांचं काय करायचं हा माझा प्रश्न कुणी हातात घेतलेला नाही.

झुरिखकर

इकडचं एक सांगतो, थोडं अवांतर वाटेल. ग्लारुस आणि आपेनझेल इनररोडेन या दोन स्विस कँटनांत (म्हणजे प्रांतांत) अजूनही वर्षातून एकदा लोक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे पास करतात. लँड्सगेमाइंडे म्हणतात. पर्यटक हे ‘खरी लोकशाही’ म्हणून बघायला जातात. आपेनझेलात पुरुष वडिलोपार्जित तलवार कमरेला लावून आले तर तीच त्यांचं मतदान ओळखपत्र. दिसायला फारच सुंदर.

पण याच चौकातल्या पुरुषांनी हात वर करून बायकांना मताधिकार पुन्हा पुन्हा नाकारला. शेवटी १९९० मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला लावला. लक्षात घ्या, १९९०! शेजारी बघत असताना हात वर करायचा म्हणजे धीर लागतो. गुप्त मतदानाचं मोल मला तिथे जास्त कळलं. ग्रामसभेतही आपण हातच वर करतो, हे तिथल्या सहमतीबद्दल बोलताना विसरू नये.

पणजीकर

आमच्या गोंयात ग्रामसभा बहुतेक रविवारी, चर्चमधली मिसा आटपल्यावर. आरडाओरडा एवढा असतो की नवखा माणूस पोलीस बोलावेल. पण बिल्डरांच्या प्रकल्पांवर, कचऱ्यावर, डोंगरकापणीवर पहिला प्रश्न तिथेच उठतो. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (म्हणजे २०११ सालापर्यंतच्या जमीनवापराचा आराखडा) सरकारला २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला, त्यामागे गावागावांतला असाच गोंधळ होता. आमचे ठराव सरकार किती मानतं ते सोडा. शांत ग्रामसभा बघितली की मला तरी वाटतं, काहीतरी आधीच ठरलंय.

माजी_सरपंच

नमस्कार. मी इथे फारशी लिहीत नाही. पण मी दोन्ही बघितलंय, बिनविरोध पण आणि लढून पण.

पहिल्यांदा आमच्याकडे सरपंचपद महिला राखीव पडलं. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडायचे. माझे सासरे आणि गावातले तीन-चार जण बसले, माझं नाव ठरलं. मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. अर्जावर सही कुठे करायची तेवढं दाखवलं. बिनविरोध झालं, गुलाल उडाला. त्यानंतरची पाच वर्षं मी सह्या केल्या. कुठल्या बिलावर सही नको म्हटलं की ऐकायला मिळायचं, ‘तुला आम्ही बसवलंय.’ आणि ते खरंच होतं. माझ्यामागे एकही मत नव्हतं. मी कुणाच्या जोरावर नाही म्हणणार होते?

पुढच्या वेळी जागा खुली झाली. मी घरच्यांचं न ऐकता अर्ज भरला. समोर आमच्याच भावकीतला माणूस. प्रचारात मला नको नको ते बोलले. निवडून आले, थोड्याच मतांनी. पण ती मतं मोजलेली होती. ग्रामसेवकाला मी पहिल्यांदा कॅशबुक मागितलं ते तेव्हा. महिला सभा कागदावर व्हायची ती खरोखर घ्यायला लावली. तुला आम्ही बसवलं असं म्हणायला कुणाला जागाच उरली नव्हती.

वाड्यावरचा दादा, भांडणं होतात हे खरं आहे. माझी सख्खी जाऊ दोन वर्षं बोलत नव्हती. पण बिनविरोधच्या काळात भांडण नव्हतं असं नाही. ते आमच्या घरात होतं, चुलीपाशी, त्याचा गावाला त्रास नव्हता एवढंच. आणि खर्च म्हणाल तर मी जेवणावळी घातल्या नाहीत. घातल्याशिवाय निवडून येत नाही असं पुरुष एकमेकांना सांगतात.

हरलेल्याचं पण बघा. माझ्यासमोर हरलेल्या माणसाला जी मतं पडली ती सगळ्या गावाला कळली. पुढे पाच वर्षं तो ग्रामसभेत उभा राहिला की मला ऐकून घ्यावंच लागायचं, कारण त्याच्यामागे किती घरं आहेत ते मला माहीत होतं. बिनविरोधमध्ये ते कधीच कळत नाही.

निवांत

वरच्या प्रतिसादानंतर माझा +१ मागे घेतो.

वकीलीण

माजी सरपंच ताई, हे फार नेमकं सांगितलंत.

यात एक कायद्याची गंमत जोडते. जागा बिनविरोध झाली की मतदारापुढे ‘नोटा’ही राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोटाचं बटण द्यायला लावलं ते मतदाराला नकार नोंदवता यावा म्हणून, पण मतदानच नसेल तर बटण कुठलं दाबणार? २०२४ ला सुरत लोकसभेत हेच झालं. एका प्रमुख उमेदवाराचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, आणि लाखो मतदारांच्या बोटाला शाई न लागता खासदार निवडून आला. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये पालिका निवडणुकांसाठी ठरवलं होतं की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. माझं मत असं, की उमेदवार एकच असला तरी ‘हा की नोटा’ असं मतदान व्हायला हवं. गाव खरंच राजी असेल तर निकाल तोच लागेल.

वाड्यावरचा

आणि त्या एका उमेदवारासाठी केंद्र, कर्मचारी, पोलीस बंदोबस्त? २०२१ ला १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती, प्रत्यक्ष मतदान १२,७११ ठिकाणी झालं. म्हणजे दीड हजार गावांचा तरी खर्च वाचला.

भीमाकाठ

त्या दीड हजार गावांत किती जणांना अर्ज भरायचा होता आणि भरता आला नाही, हा आकडा कुठे मिळेल?

आणि हिवरे बाजारचं तुम्ही वर म्हणालात. तिथे त्याच २०२१ मध्ये कित्येक वर्षांनी मतदान झालं, विरोधात उमेदवार उभे राहिले. पोपटराव पवारांचं पॅनल निवडून आलं. गावाचं काय वाकडं झालं?

वाड्यावरचा

काही नाही झालं, हे कबूल. पण तिथे आधी तीसेक वर्षांचं काम होतं म्हणून लोकांनी मतं दिली.

भीमाकाठ

तेच म्हणतोय. काम असेल तर मतदानाला भ्यायचं कशाला?

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. माघारीची मुदत काल संपली. त्याआधीच्या रात्री गावातल्या दोघा-तिघांनी वस्तीवरच्या त्या बाईंच्या घरी जाऊन बरंच समजावलं, नळाची लाइन टाकून देतो असंही सांगितलं. बाईंनी लिहून मागितलं. लिहून द्यायला कुणी तयार झालं नाही. अर्ज राहिला. सहा जागा आणि सरपंचपद बिनविरोध, तीन नंबर वॉर्डात त्या एका जागेसाठी मतदान. वकीलीण ताईंचा प्रतिसाद मी नाव काढून ग्रुपवर टाकला होता, त्यानंतर देवाच्या कोपाची भाषा बंद झाली. मला ग्रुपमधून काढलं ते वेगळं.

आता नवी कुरकुर सुरू आहे, की या बाईमुळे बिनविरोध गावाला जाहीर झालेला निधी गेला.

माजी_सरपंच

आमच्या गावाला पण जाहीर झाला होता. माझ्या पहिल्या टर्ममध्ये. तो आल्याची नोंद दुसऱ्या टर्ममध्ये मी सगळं दप्तर चाळलं तरी सापडली नाही. तुमच्याकडे कुणी निधी गेला म्हणालं तर कुठल्या योजनेतून, कुठल्या पत्राने मंजूर झाला होता ते विचारा. आणि ग्रुपवर नको, येत्या ग्रामसभेत विचारा, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. वस्तीवरच्या बायका आल्या तर तेवढी सहज भरतील.